४५० मिमीचं खोकं, १० किलो, २० अँपिअर: स्पर्धेच्या नियमांतून रोबो कसा आखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा विद्यार्थ्यांचा संघ पहिल्यांदाच रोबोटिक्स स्पर्धेत उतरतोय. नियमावलीनुसार सुरुवातीला रोबो ४५० × ४५० × ४५० मिमीच्या खोक्यात बसला पाहिजे. सामना सुरू झाल्यावर त्याची आडवी लांबी ६०० मिमीपेक्षा वाढता कामा नये. वजन बॅटरीसह १० किलोच्या आत हवं. १२ व्होल्टची एकच बॅटरी, मुख्य फ्यूज २० अँपिअरचा आणि मोटरी जास्तीत जास्त आठ. पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालणार, पुढची दोन मिनिटं रिमोटवर. काम एवढंच की जमिनीवरचे ठोकळे उचलून उंच टोपल्यांत टाकायचे. डिझाइनला हात कुठून घालायचा आणि तपासणीत संघ कशावर अडकतात, हे विचारलं आहे.

मोटरी निवडण्याआधी नियमावलीतली दोन दुर्लक्षित पानं काढा: व्याख्यांचं पान आणि तपासणीच्या यादीचं पान. मुलं थेट खेळाच्या गुणांकडे उडी मारतात आणि ही पानं चाळूनही बघत नाहीत. रोबो पास की नापास ते मात्र तिथेच ठरतं. 'सुरुवातीचा आकार' वीज बंद असताना मोजणार की चालू असताना? वजनात संघाच्या क्रमांकाची पाटी धरायची का? '१२ व्होल्ट' म्हणजे बॅटरीवर छापलेला आकडा की मल्टिमीटरवर दिसणारा? एका वहीत प्रत्येक अटीसमोर तीन रकाने आखा: कोण मोजणार, कशाने मोजणार, आणि मोजताना रोबो कुठल्या अवस्थेत असणार. जो रकाना रिकामा राहील त्याबद्दल आयोजकांना लेखी विचारा आणि मिळालेलं उत्तर छापून तपासणीला न्या. 'फोनवर हो म्हणाले होते' हे तपासणीच्या टेबलावर चालत नाही. नियमावलीची तारीखही बघून ठेवा. हंगामात दुरुस्त्या निघतात, आणि जुनी प्रत धरून बांधलेला रोबो नव्या प्रतीने तपासला जातो.

इतर स्पर्धांचे रोबो बघून शिकायला हरकत नाही, पण मापं उचलू नका. फर्स्ट टेक चॅलेंज आणि व्हेक्स व्ही५ या दोन्हींत सुरुवातीचं माप १८ इंचांचं, म्हणजे ४५७ मिमी असतं. तिथली कड गाठून बांधलेला सांगाडा तुमच्या खोक्यात ७ मिमीने अडकेल. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन गटात सुरुवात २५० मिमीच्या घनात होते, पण निघाल्यावर रोबो हवा तेवढा पसरू शकतो. तुम्हाला ती मुभा नाही. मिनी सुमोत १० × १० सेमी आणि ५०० ग्रॅम एवढीच मर्यादा, उंचीला बंधन नाही. अट बदलली की चांगल्या डिझाइनची व्याख्याच बदलते.

खोक्यात बसणं

४५० ची मर्यादा असेल तर कागदावर ४४० धरा. हे १० मिमी बोल्टांची डोकी, झिप टायची शेपटं, एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरींचे बाक आणि पाटीचे कोपरे यांत जातात. दुसरं कारण सांगाड्याच्या काटकोनाचं. एखादी बाजू फक्त १ अंशाने तिरकी झाली तर ४५० मिमी लांबीवर जवळपास ८ मिमीचा फरक पडतो. म्हणून सांगाडा आवळण्याआधी दोन्ही कर्ण टेपने मोजा आणि ते सारखे येईपर्यंत बोल्ट सैल ठेवा. पट्टीने लांबी-रुंदी मोजून 'बसतो' म्हणणं पुरेसं नाही, कारण तपासणीला बहुधा खरंखुरं खोकं किंवा सरकणारी चौकट असते. कार्यशाळेत पहिल्याच आठवड्यात प्लायवूडचं तसंच खोकं करा, आतून ४४८ मिमीचं. रोबो त्यात सहज गेला तर स्पर्धेतही जाईल.

आता अवस्थेचा रकाना. बहुतेक ठिकाणी रोबो वीज बंद असताना आणि कुणी हात न लावता मापात राहावा लागतो. दुमडलेला हात सर्व्होच्या (दिलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या लहान मोटरीच्या) जोरावर उभा असेल तर वीज बंद केल्यावर तो सावकाश खाली येतो आणि खोक्याच्या भिंतीला टेकतो. रबर किंवा स्प्रिंग ताणून ठेवली असेल तर तीच खोक्याला आतून दाबते, आणि 'खोक्याच्या आधाराने बसलाय' म्हणून नापास होता. उपाय यांत्रिक खटक्याचा. लहानसा हुक किंवा चुंबक, जो पहिल्या हालचालीत आपोआप सुटेल. चुंबक वापरायचा तर तो नियमात बसतो का तेही बघा.

चालू करतानाची गंमत वेगळीच असते. वीज मिळाली की प्रोग्रॅम सर्व्होला पहिली आज्ञा देतो आणि तो झटक्यात त्या कोनाला जातो. प्रोग्रॅममध्ये लिहिलेला सुरुवातीचा कोन आणि खोक्यातली खरी स्थिती यांत २० अंशांचा फरक असेल तर सामना सुरू व्हायच्या आधीच रोबो मापाबाहेर जातो. सर्व्होची शिंगं (त्याच्या आसावर चढणारे छोटे दांडे) बसवताना आधी सर्व्होला तो कोन द्या, मग शिंग चढवा. शिंगाच्या दात्यांमुळे कोन नेमका जमला नाही तर उरलेला फरक प्रोग्रॅममध्ये घाला.

६०० मिमी: फिरणारा हात सगळ्यात लांब कधी होतो

सामन्यातली मर्यादा कुणी खोक्याने मोजत नाही. पंच नजरेने बघतात आणि शंका आली की टेप लावतात. त्यामुळे इथे २०–३० मिमीचं अंतर राखणं शहाणपणाचं.

हिशेब असा करा. सांगाडा ४४० मिमी लांब. हाताची बिजागरी मागच्या कडेपासून ८० मिमी पुढे आणि जमिनीपासून ३०० मिमी उंच. हाताची नळी ३४० मिमी, पुढे पंजा १२० मिमी, एकूण ४६०. हात पुढे आडवा झाला की मागच्या कडेपासून टोकापर्यंत ८० + ४६० = ५४० मिमी होतात. चालेल. पण हाच हात वरून मागे फिरला तर मागच्या कडेबाहेर ३८० मिमी जातो आणि रोबोची एकूण लांबी ८२० होते. रिमोटवाल्याच्या हातून घाईत हे होणारच. म्हणून मागे जाण्याला धातूचा थांबा लावा. प्रोग्रॅममधली मर्यादा असू द्या, पण एन्कोडरची वायर निसटली किंवा शून्य चुकीच्या जागी धरलं गेलं तर ती मर्यादा काहीच अडवत नाही. तपासणीलाही यांत्रिक थांबा दाखवता येतो, प्रोग्रॅम दाखवून कुणाचं समाधान होत नाही.

सुरुवातीच्या स्थितीत हाच हात आडवा ठेवून पंजा मनगटातून वर दुमडला तर पुढची कड ८० + ३४० = ४२०, त्यात पंज्याची अर्धी जाडी १५ मिमी, म्हणजे ४३५. उंची ३०० + १२० = ४२०. दोन्ही ४४० च्या आत. ठोकळा मात्र सांगाड्याच्या तोंडातच घ्यावा लागेल, कारण बिजागरी मागे आहे. त्यासाठी सांगाडा पुढून उघडा, इंग्रजी यू अक्षरासारखा करा. ५० मिमी उंचीवरच्या ठोकळ्याचा मध्य मग मागच्या कडेपासून सुमारे ३९० मिमीवर येतो, म्हणजे दोन पायांच्या मधोमध. असा ठोकळा ढकलत नेता येतो आणि तो बाजूला निसटत नाही.

वजन

लक्ष्य ९ किलोचं ठेवा. शेवटचा एक किलो दुरुस्त्यांसाठी असतो आणि तो दरवेळी खर्च होतो. ढोबळ वाटणी अशी: पाच गिअर मोटरी २.२५ किलो, चाकं आणि हब ०.८, सांगाडा २, खांब, हात आणि पंजा मिळून १.९, बॅटरी ०.६, कंट्रोलर, मोटर ड्रायव्हर (कंट्रोलरच्या आज्ञेनुसार मोटरींना वीज देणारं सर्किट) आणि वायरिंग ०.९, नट-बोल्ट ०.५. बेरीज ८.९५. नट-बोल्टांचा अर्धा किलो बघून भुवया उंचावतात, पण १६ मिमीचा एम४ बोल्ट आणि त्याचं नट मिळून साधारण ३ ग्रॅम होतात आणि अशा रोबोला दीडशे बोल्ट सहज लागतात.

वस्तूचं वजन विकत घेण्याआधी काढता येतं. ४० × ४० सेमीचा ३ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा १.३ किलो भरतो. तेवढाच ६ मिमी प्लायवूडचा तुकडा सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि वाकण्याला तो पुष्कळ विरोध करतो. अॅक्रिलिक दिसायला छान, पण भोकाच्या कडेपासून चिरतं. दुसरा रोबो येऊन आदळणार असेल तर वापरू नका. पॉलिकार्बोनेट वाकतं, तुटत नाही. त्याच्याजवळ द्रव थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) मात्र लावू नका. त्या रसायनाने पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात आणि दोन दिवसांनी बोल्टाभोवतीचा भाग हातात येतो. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेलं) वापरा.

२० अँपिअरचा फ्यूज हाच खरा मालक

या नियमावलीतली सगळ्यात कडक अट वजनाची नाही, मोटरींच्या संख्येचीही नाही. ती फ्यूजची आहे. आठ मोटरींची परवानगी बघून आठ लावणारे संघ इथेच फसतात. एका १२ व्होल्टच्या मध्यम गिअर मोटरीला पूर्ण अडकल्यावर सुमारे ९ अँपिअर लागतात. आठ अडकल्या तर ७२. फ्यूज २० चा.

चालवायच्या चार मोटरींपुरता हिशेब करू. रोबो १० किलोचा, चाकं १०० मिमी व्यासाची रबरी, मैदान फोमच्या चटयांचं, घर्षणांक १ धरा. चाकं घसरायला लागण्याआधी रोबो जास्तीत जास्त ९८ न्यूटन जोर लावू शकतो. त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणून एकूण टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४.९ न्यूटन-मीटर, दर चाकी १.२२. आता मोटर घ्या ३१० आरपीएमची (मिनिटाला ३१० फेऱ्यांची), जिचा अडकलेल्या स्थितीतला टॉर्क २.४ न्यूटन-मीटर आणि करंट ९ अँपिअर आहे. चाक घसरतं तेव्हा ती आपल्या ताकदीच्या निम्म्यावर असते, म्हणजे ४.६ अँपिअर. चार मिळून १८.४. दुसऱ्या रोबोशी रेटारेटी झाली तरी चाकं घसरतील आणि फ्यूज वाचेल. वेग, मोकळ्या चाकाने, सेकंदाला १.६ मीटर.

आता मुलांना आवडणारी ४३५ आरपीएमची मोटर बघा. वेग २.३ मीटर. पण टॉर्क १.८ वर आलेला, त्यामुळे घसरताना दर मोटर ६.१ अँपिअर आणि चार मिळून २४.५. त्याच क्षणी हाताची मोटर कशात तरी अडकली तर आणखी ९. साध्या पात्याच्या फ्यूजला १३५ टक्के करंट काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत सोसतो. दुप्पट करंटला तो पाच सेकंदांच्या आत जातो. तुमचे ३३ अँपिअर या दोन्हींच्या मध्ये पडतात. म्हणजे फ्यूज सरावात टिकेल आणि खऱ्या झटापटीत जाईल, आणि नेमका का गेला ते कुणाला कळणार नाही.

हाच हिशेब वजनाकडून केला तर वजनाचं महत्त्व वेगळं दिसतं. रोबो ८ किलोचा केला तर ३१० वाल्या मोटरींचा घसरतानाचा करंट १४.७ वर येतो आणि हातासाठी ५ अँपिअर मोकळे राहतात. तेव्हा वजन कमी करण्यात पास होण्यापलीकडचा फायदा आहे. माझा सल्ला स्पष्ट आहे: चार मोटरी चालवायला, एक हाताला, पंज्याला सर्व्हो. उरलेल्या मोटरींची परवानगी वापरलीच पाहिजे असं नाही.

मोठा फ्यूज घालून प्रश्न सोडवायचा विचारही नको. नियमभंग तर आहेच, शिवाय फ्यूज हा वायर जळू नये म्हणून असतो. बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ, मुख्य स्विचच्या आधी तो बसवा. त्यापुढची मुख्य वायर २.५ चौरस मिमीची तांब्याची घ्या, मोटरींना १.५ पुरते. कनेक्टर एक्सटी६० (जास्त करंट झेपणारा तयार प्रकार) किंवा क्रिंप केलेले (पक्कडीने दाबून बसवलेले). क्रिंप करताना वायर ओढून बघा. हाताच्या ओढीने निघत असेल तर सामन्यात नक्की निघेल. वायरच्या टोकाला सोल्डर भरून ते स्क्रूच्या टर्मिनलमध्ये आवळू नका. सोल्डर हळूहळू दबतं, स्क्रू सैल होतो आणि तिथे उष्णता होते.

मोटर ड्रायव्हरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे फार संघ अडकतात. शाळांतून सर्रास मिळणारा एल२९८एन दर चॅनेलला २ अँपिअरपर्यंतच चालतो, आणि त्याच्या आतच २ व्होल्ट किंवा त्याहून जास्त खर्च होतात. १२ व्होल्टच्या मोटरीला प्रत्यक्षात १० पेक्षाही कमी मिळतात. रोबो रिकामा चालतो, ठोकळा उचलला की मंदावतो, चटईच्या कडेवर चढताना थांबतो, आणि ड्रायव्हर तापून स्वतःला बंद करतो. मुलं मग प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. ९ अँपिअर अडकणाऱ्या मोटरीला मॉसफेटचा (आत फार कमी व्होल्ट खर्च करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा), सतत किमान १० अँपिअर झेपणारा ड्रायव्हर हवा.

व्होल्टेज खचण्याचाही हिशेब ठेवा. बॅटरीचा आतला रोध, वायर, कनेक्टर आणि स्विच मिळून ०.१ ओहम झाला तर २० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच जातात. कंट्रोलर त्याच वायरीवर असेल तर तो रीसेट होतो, आणि प्रेक्षकांना वाटतं रिमोट तुटला. कंट्रोलरसाठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट) लावा आणि त्याची वायर थेट फ्यूज-स्विचनंतरच्या वाटप-पट्टीवरून घ्या, मोटर ड्रायव्हरवरून नाही. कंट्रोलर म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर ५ व्होल्टची रेषा ४.६३ खाली गेली की तो कमी व्होल्टेजचा इशारा देतो. तो इशारा सरावात एकदा जरी दिसला तरी वायरिंग तपासा.

बॅटरीच्या अटीतली खोच शब्दांत आहे. तीन सेलांची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ११.१ व्होल्टची म्हणून विकली जाते, पण पूर्ण भरल्यावर १२.६ दाखवते. चार सेलांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ ची, भरताना १४.६ पर्यंत जाते. 'जास्तीत जास्त १२ व्होल्ट' या वाक्यात पहिली बसेल की नाही हे छापील आकडा धरतात की मोजलेला यावर अवलंबून आहे, म्हणून हा प्रश्न लेखी विचारण्याच्या यादीत सगळ्यात वर ठेवा. लिपो चालत असेल तर कुठलाही सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, ३.५ ला वाजणारा अलार्म लावा आणि चार्जिंग आगरोधक पिशवीत, समोर कुणीतरी बसलेलं असतानाच करा. पहिल्यांदाच उतरणाऱ्या शाळकरी संघाला निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी जास्त बरी. जड आहे, पण मारझोड सोसते.

हात आणि उलटणं

पंजा आणि ठोकळा मिळून अर्धा किलो, बिजागरीपासून ०.४ मीटरवर. नळी ०.६ किलो, तिचा मध्य ०.२ मीटरवर. आडव्या स्थितीत लागणारा टॉर्क ३.१ न्यूटन-मीटर. मोटर सतत काम करणार असेल तर तिला अडकण्याच्या टॉर्कच्या पाव भागापर्यंतच राबवावं, म्हणजे बिजागरीवर १२ च्या आसपास हवेत. २.४ च्या मोटरीला वरून ५:१ ची गिअर जोडी लावली की भागतं. वेग भारासह ४६ आरपीएमच्या आसपास राहतो, पाव फेरी अर्ध्या सेकंदाच्या आत. याहून वेगवान हात चालवणाऱ्याला आवरत नाही. हाताचं वजन तोलायला रबरी नळी लावली तर मोटरीचा भार निम्मा करता येतो, मात्र साठवलेल्या ऊर्जेबद्दलची अट वाचून, आणि ती नळी तुटली तर कुणाच्या तोंडावर येणार नाही अशी जाळी लावून.

उलटण्याचा हिशेब कुणी करत नाही आणि सामन्यात पुष्कळ रोबो त्यामुळेच पडतात. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३२० मिमी असेल तर मध्यापासून चाक १६० मिमीवर. रबरी चाकं फोमवर जोरात ब्रेक मारतात तेव्हा मंदन साधारण गुरुत्वाएवढं होऊ शकतं. अशा वेळी गुरुत्वमध्याची उंची १६० पेक्षा जास्त असेल तर रोबो पुढे कोलमडतो. वरचाच रोबो घ्या: हात सोडून ८.२ किलोचा भाग, त्याचा मध्य १०० मिमी उंच. हात सरळ वर, नळी ५०० मिमीवर, ठोकळा ७०० वर. सगळ्याचा मध्य १५८ मिमीवर येतो. अगदी काठावर. आता बॅटरी आणि कंट्रोलर 'हाताशी यावेत' म्हणून वरच्या पट्टीवर ठेवले आणि खालच्या भागाचा मध्य १५० वर गेला, तर एकूण मध्य २०२ वर जातो आणि मंदन गुरुत्वाच्या ८० टक्क्यांवर पोचताच रोबो उलटतो. बॅटरी तळाला, दोन आसांच्या मध्ये. तिला घट्ट पट्टा बांधा. आणि हात वर असताना प्रोग्रॅमने वेग बदलण्याचा दर आपोआप कमी करावा.

पहिले ३० सेकंद

'दोन सेकंद पुढे जा' असं लिहिलेला प्रोग्रॅम सकाळी चालतो आणि दुपारी चुकतो. पूर्ण भरलेली बॅटरी १३.५ व्होल्ट आणि अर्धी वापरलेली १२.३ असेल तर वेगात ९ टक्के फरक, म्हणजे २ मीटरमागे १८ सेमी. एन्कोडरने अंतर मोजा. तेही पुरत नाही: डाव्या आणि उजव्या चाकाच्या व्यासात फक्त अर्धा मिमी फरक असेल आणि दोन चाकांत ३५० मिमी अंतर असेल तर २ मीटर गेल्यावर रोबो जवळपास ३ सेमी बाजूला सरकलेला आणि १.६ अंश वळलेला असतो. दिशेसाठी गायरो (वळण मोजणारा सेन्सर) वापरा आणि शक्य असेल तिथे मैदानाच्या भिंतीला टेकून स्वतःला सरळ करा. हे शेवटचं फुकट मिळतं आणि सगळ्यात भरवशाचं असतं.

मैदानही कागदावरच्या मापाचं नसतं. टोपली २०–२५ मिमी इकडेतिकडे असेल असं धरूनच पंजा आणि टाकण्याची जागा आखा. लाइन सेन्सर (जमिनीवरची रेघ ओळखणारा) वापरत असाल तर त्याचे आकडे स्पर्धेच्या जागीच, त्याच दिव्यांखाली घ्या, आणि सेन्सरभोवती काळी झालर लावा.

तपासणीच्या दिवशी

पंचांच्या आधी तुम्हीच रोबो तपासा, आणि ज्याने तो भाग बांधला नाही त्या विद्यार्थ्याला तपासू द्या. बॅटरी काढून, मुख्य स्विच चालू ठेवून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप वाजवणाऱ्या सेटिंगवर) लावून रोबोच्या धातूच्या सांगाड्याची आणि धन-ऋण वायरींची जोडणी बघा. बीप वाजता कामा नये. वाजला तर कुठेतरी वायरचं आवरण पत्र्यावर घासून सोललं आहे. भोकांना रबरी ग्रोमेट (कडेची कडी) नसतात तिथे आधी शोधा. फोमच्या चटयांवर चाकं घासून स्थिर वीज साठते आणि धातूच्या टोपलीला रोबोचा हात लागताच तिचा झटका कंट्रोलरला बसतो. रोबो मैदानाच्या एकाच कोपऱ्यात बंद पडत असेल तर हेच कारण तपासा. कंट्रोलर प्लास्टिकच्या पायांवर बसवला आणि यूएसबीची लांब वायर आखूड केली की बहुधा थांबतं.

रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटरी थांबतात का, हे रिमोट बंद करून प्रत्यक्ष बघा. पुष्कळ साधे रिसीव्हर शेवटची आज्ञाच धरून ठेवतात आणि रोबो भिंतीला धडका देत राहतो. हा थेट बाद होण्याचा मुद्दा आहे. मुख्य स्विच लांबून दिसेल असा, हात वर असो वा खाली, बोट पोचेल असा हवा. कडा बोट फिरवून तपासा. कापणाऱ्या असतील तर कानस मारा, टेप लावून झाकू नका, ती पहिल्याच धडकेत निघते.

सोबत एवढं असू द्या: २० अँपिअरचे दहा फ्यूज, एक तयार बॅटरी आणि तिचा चार्जर, एक सुटी चालवायची मोटर वायर-कनेक्टरसकट, एक सर्व्हो शिंग चढवलेला, एम३ आणि एम४ चे बोल्ट, मार्किंगचा पेन. घट्ट केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टावर त्या पेनने बोल्ट आणि पत्रा मिळून एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, दोन सामन्यांच्या मध्ये नुसत्या नजरेने कळतं.

तपासणी झाल्यावर केलेला बदल पुन्हा दाखवावा लागतो, हे वाक्य जवळपास प्रत्येक नियमावलीत असतं आणि उपांत्य फेरीआधी विसरलं जातं. पंज्याला जोडलेली एक पट्टी वजनात ८० ग्रॅमची असेल, पण ती खोक्याच्या मापात आणि ६०० मिमीच्या मर्यादेत काय करते ते कार्यशाळेच्या खोक्यात बघा, काट्यावर ठेवा, मगच तपासणीच्या टेबलाकडे न्या.